एच. जी. वेल्स : काल्पनिक शस्त्रांचा जनक

विज्ञानपटांतून आपण जळते किरण, विषारी धूर आणि शहरे बेचिराख करणारे बाँब पाहतो. या शस्त्रांची वंशावळ शोधू गेल्यास ती बहुधा एका इंग्रज लेखकापाशी पोहोचते. तो लेखक म्हणजे हर्बर्ट जॉर्ज वेल्स.

वेल्स यांचा जन्म २१ सप्टेंबर १८६६ रोजी लंडनजवळच्या ब्रॉम्ली येथे झाला. वडिलांचे लहानसे दुकान होते. क्रिकेट खेळूनही ते चार पैसे मिळवीत. आईने पुढे एका श्रीमंताच्या वाड्यात घर सांभाळण्याची नोकरी धरली. लहानपणी पाय मोडून अंथरुणावर पडावे लागले, तेव्हा वेल्स यांना वाचनाची गोडी लागली. कापडदुकानातील उमेदवारी मात्र त्यांना नकोशी झाली. १८८४ मध्ये शिष्यवृत्ती मिळवून ते लंडनला आले आणि टी. एच. हक्स्ली यांच्या हाताखाली जीवशास्त्र शिकले.

१८९८ साली 'द वॉर ऑफ द वर्ल्ड्स' ही कादंबरी प्रसिद्ध झाली. तीत मंगळवासी उष्णकिरण व काळा धूर वापरून इंग्लंड उद्ध्वस्त करतात. युरोपीय वसाहतवाल्यांनी टास्मानियातील मूळ रहिवाशांचा जो संहार केला, तो लेखकाच्या डोळ्यांपुढे होता. तोच प्रसंग साम्राज्याच्या राजधानीवर आला तर, असा त्यांचा रोख होता. १९५३ च्या चित्रपटात कलादिग्दर्शक आल्बर्ट नोझाकी यांनी मंगळवासीयांच्या यंत्रांना समुद्रातील पसरट मांटा माशाचा आकार दिला आणि किरण फेकणारी मान नागासारखी उभारली.

१९०३ च्या एका कथेत वेल्स यांनी चिलखती युद्धयंत्रे रंगविली. १९१६ मध्ये सोमच्या रणभूमीवर खरे रणगाडे अवतरले. फ्रेडरिक सॉडी यांचे रेडियमवरील पुस्तक वाचून त्यांनी 'द वर्ल्ड सेट फ्री' लिहिली. १९१४ च्या या कादंबरीत विमानातून अणुबाँब टाकले जातात. लिओ झिलार्ड या शास्त्रज्ञाने ती १९३२ मध्ये वाचली. पुढच्याच वर्षी त्याला अणूंच्या साखळी प्रक्रियेची कल्पना सुचली. तिचा दुरुपयोग होईल या भीतीने त्याने आपले पेटंट ब्रिटिश नौदलाच्या हवाली करून गुप्त ठेवविले.

१९३६ साली 'थिंग्ज टु कम' हा चित्रपट आला. त्याची पटकथा स्वतः वेल्स यांचीच. १९४० मध्ये एका शहरावर बाँबवर्षाव होतो, असे त्यात दाखविले आहे. त्याच १९४० च्या सप्टेंबरात लंडनवर खरोखरीच बाँब पडू लागले. चित्रपटाच्या शेवटी मात्र एक प्रचंड तोफ माणसांना चंद्राकडे धाडते. तोफेच्या धक्क्याने आतील माणसे जिवंत राहणार नाहीत, हे भौतिकशास्त्राच्या विद्यार्थ्याला सहज कळेल. पण शस्त्रातूनच ज्ञानाचे साधन घडावे, ही त्यामागची आकांक्षा ध्यानात घेण्याजोगी आहे.

शस्त्रे कल्पिणारा हा मनुष्य युद्धखोर नव्हता. राष्ट्राराष्ट्रांतील वैर संपून एक जागतिक शासन यावे, यासाठी त्यांनी आयुष्यभर लेखणी झिजविली. १९४० मध्ये मानवी हक्कांवर पुस्तकही लिहिले. लोकांनी त्यांच्या शस्त्रांचे कौतुक केले, इशारा मात्र कानाआड केला. हिरोशिमाची राख पाहूनच १३ ऑगस्ट १९४६ रोजी त्यांनी जगाचा निरोप घेतला.

पडद्यावरील किरणांचा लखलखाट पाहताना त्यामागील टास्मानिया आपल्याला आठवला, तरच वेल्स आपण खऱ्या अर्थाने वाचले, असे म्हणता येईल.