कुळाचा शोध व सरफोजी महाराज

एपीएमसी मार्केटांतील व्यापाऱ्यांस त्यांचें मूळ गांव विचारावें, तर कोणी सातारा-जुन्नरचें नांव घेईल, कोणी कच्छचें. परंतु घरचा पहिला पुरुष कोणत्या सालीं व कोणत्या कारणानें मुंबईस आला, हें पुष्कळांस सांगतां येणार नाहीं. तिकडे अमेरिकेंत जर्मन वसाहतकऱ्यांचे वंशज अठराव्या शतकांतील जहाजांच्या याद्या चाळून आपल्या मूळ पुरुषाचें नांव शोधीत असतात. आपल्या लोकांत हें काम मोठ्या प्रमाणावर करविणारा पुरुष म्हणजे तंजावरचे दुसरे सरफोजी महाराज होत.

तंजावरचें भोसले राज्य हें परप्रांतीं जाऊन वसलेल्या घराण्याचेंच राज्य. शिवछत्रपतींचे सावत्र बंधु व्यंकोजीराजे यांनीं तें सन १६७५ च्या सुमारास स्थापिलें. सरफोजींचा जन्म सन १७७७ मधील. तुळजाजीराजांनीं त्यांस सन १७८७ मध्यें दत्तक घेतलें, आणि त्याच वर्षीं ते वारले. पुढें दत्तविधान सशास्त्र नाहीं असें ठरवून अमरसिंगानें गादी घेतली. पोरक्या मुलाचें रक्षण व शिक्षण श्वार्ट्झ नांवाच्या जर्मन धर्मोपदेशकानें केलें. स्वदेश सोडून आलेला हा गृहस्थ सन १७९८ मध्यें तंजावरींच निवर्तला. त्याच वर्षीं सरफोजींस गादी मिळाली. परंतु पुढच्याच वर्षीं तहान्वयें राज्यकारभार कंपनी सरकारकडे गेला व महाराजांकडे किल्ला आणि नेमणूक एवढेंच उरलें.

ज्याचें दत्तकपणच वादांत सांपडलें होतें, त्यास आपली वंशावळ दगडावर कोरून ठेवावीशी वाटली, यांत नवल नाहीं. सन १८०३ मध्यें चोळांच्या बृहदीश्वर मंदिराच्या भिंतीवर भोसले कुळाचा विस्तृत इतिहास मराठींत कोरला गेला. तमिळ मुलुखांत तो आजही उभा आहे. मात्र त्यांतील सर्वच सालें संशोधक ग्राह्य मानीत नाहींत. राजघराण्याची ही स्थिति, मग ज्यांच्या घरीं कागदच नाहीं त्यांची काय?

परंतु सरफोजींची थोरवी केवळ वंशावळींत नाहीं. सत्ता गेल्यावर ते विद्येकडे वळले. सरस्वती महालांतील ग्रंथसंग्रह त्यांनीं अतोनात वाढविला, सन १८०५ मध्यें देवनागरी छापखाना काढिला, धन्वंतरी महालांत औषधोपचारांचे प्रयोग चालविले, नेत्ररोग्यांच्या नोंदी चित्रांसह ठेवविल्या. ते सन १८३२ मध्यें वारले. सन १८५५ मध्यें तंजावरचें राज्यही खालसा झालें. आज त्यांचें नांव घेतलें जातें तें त्या ग्रंथालयामुळें.

यांतून व्यापारी बंधूंनीं बोध घ्यावा तो हा. कुळाचा शोध उच्चनीचतेच्या अभिमानासाठीं करूं नये. पहिला पुरुष हमाल होता कीं सावकार, यानें आपली किंमत ठरत नाहीं. परंतु ज्यानें परक्या गांवीं उपास काढून पेढी उभी केली, त्याची नोंद न ठेवणें ही कृतघ्नता होय. जुन्या वह्या रद्दींत घालण्यापूर्वीं त्यांतील नांवें, गांवें व सालें उतरून घ्यावीं. घरांतील वृद्धांस आजच विचारावें. आणि वंशवृक्षांत आजी, पणजी व लेकींचीं नांवेंही लिहावीं, कारण घर त्यांनींही उभें केलें आहे. देवळाची भिंत आपणांस नको. एक कोरी वही पुरे.