आवाज जपणारा माणूस

गेल्या नाताळच्या मध्यरात्री मालवण किनाऱ्यावरील आमच्या चर्चमध्ये कॉयर गात होता आणि माझे आजोबा व्हायोलिन वाजवीत होते. मी ते मोबाइलवर टिपून घेतले. घरी येऊन ऐकले, तर गाण्यापेक्षा पंख्याची घरघर आणि आजोबांचा खोकलाच अधिक! ते पुसून टाकण्याच्या बेतात असतानाच फ्रेड गाइसबर्ग यांचे चरित्र वाचनात आले.

गाइसबर्ग यांचा जन्म १८७३ साली वॉशिंग्टन येथे झाला. पियानोत निपुण असलेले हे तरुण ग्रामोफोनचे जनक एमिल बर्लिनर यांच्या हाताखाली तयार झाले. १८९८ मध्ये ते लंडनला गेले आणि पुढे यंत्रसामग्री घेऊन देशोदेशी हिंडले. १९०२ साली मिलानमध्ये कारूसो आणि त्याच वर्षी कलकत्त्यात गौहरजान यांचे गाणे त्यांनी तबकडीवर उतरविले. त्या काळी कर्ण्यासमोर उभे राहून गावे लागे. मोठा कॉयर त्यात मावणार कसा? १९२५ च्या सुमारास मायक्रोफोन आला. सप्टेंबर १९२७ मध्ये त्यांच्या कंपनीने इंग्लंडमधील हेरफर्डच्या कॅथीड्रलमध्ये एल्गार यांच्या नेतृत्वाखालील कॉयर व वाद्यवृंद भर समारंभात, श्रोत्यांसमक्ष ध्वनिमुद्रित केला. तेथे चुकले तर पुन्हा गाणे नव्हते. १९५१ साली गाइसबर्ग निवर्तले. त्यांनी जपलेले आवाज मात्र राहिले.

निर्दोष गाण्याइतकाच घडलेला क्षणही मोलाचा असतो, हे मी त्यांच्या चरित्रातून शिकलो.

आजोबा या पावसाळ्यात गेले. ते मुद्रण मी पुसले नाही. आजी अधूनमधून ते लावायला सांगते. खोकला आला की मान वर करून ऐकते.