मसुळा, खुद्री आणि कर्नल साइक्स

नदीतून काढलेला मासा नेमका कोणता, हा प्रश्न वाटतो तितका साधा नाही. खानदेशातल्या धरणांचा मासा म्हणून जळगाव-धुळ्याच्या बाजारात येणारे रोहू, कटला आणि मृगळ मूळचे गंगेच्या खोऱ्यातले आहेत. त्यांची बोटुकली धरणांत सोडली जातात. नदीतल्या अस्सल स्थानिक माशांची नावे मात्र गावागणिक बदलतात. दख्खनच्या नद्यांतल्या माशांची अशी मराठी नावे पहिल्यांदा सविस्तरपणे शास्त्राच्या वहीत नेली ती ईस्ट इंडिया कंपनीच्या एका लष्करी अधिकाऱ्याने, कर्नल विल्यम हेन्री साइक्स यांनी. त्यांतल्या एका नावाचा गोंधळ सुटायला पुढे पावणेदोनशे वर्षे लागली.

साइक्स यांचा जन्म 25 जानेवारी 1790 रोजी इंग्लंडच्या यॉर्कशर परगण्यातला. वयाच्या चौदाव्या वर्षी ते कंपनीच्या मुंबई सैन्यात दाखल झाले आणि 1805 मध्ये लॉर्ड लेक यांच्या फौजेबरोबर भरतपूरच्या वेढ्यात होते. हिंदुस्थानी आणि मराठी या दोन्ही भाषा ते शिकले आणि दुभाषाच्या परीक्षेत उत्तीर्ण झाले. 1817 मध्ये पेशवाईचा शेवट ठरवणाऱ्या खडकीच्या लढाईतही ते लढले. लढाया संपल्यावर त्यांच्या कामी आली ती भाषा.

1824 मध्ये मुंबईचे गव्हर्नर माउंटस्टुअर्ट एल्फिन्स्टन यांनी त्यांना एका वेगळ्याच कामावर नेमले. नव्याने ताब्यात आलेल्या दख्खनची मोजदाद करायची होती: माणसे, गुरे, पिके, पाऊस, वजने-मापे, जमिनीचे हक्क. पुणे, अहमदनगर, खानदेश आणि धारवाड हे चार जिल्हे या कामाच्या कक्षेत होते. खानदेशात तेव्हा शांतता नव्हती. भिल्लांच्या उठावांना आवर घालण्यासाठी 1825 मध्ये जेम्स आउट्रम यांनी धरणगावला भिल्ल पलटण उभी करायला घेतली होती. अशा काळात साइक्स आकडे गोळा करत होते. 1829 च्या अखेरीस सरकारने खर्च वाचवण्यासाठी हे पदच रद्द केले, तरी त्यांनी हाती घेतलेले काम सोडले नाही. ते पुरे करूनच 1831 मध्ये त्यांनी भारत सोडला.

माणसे मोजता मोजता साइक्स प्राणीही मोजत होते. दख्खनच्या दोनशेहून अधिक पक्ष्यांची यादी त्यांनी प्रसिद्ध केली. मराठी मुलखातल्या कोळसुंद्याचे, म्हणजे रानकुत्र्याचे, शास्त्रीय वर्णन केले. हवेचा दाब दिवसातून ठरावीक वेळी चढतो आणि उतरतो, हेही त्यांनी रोजच्या नोंदींवरून दाखवले. माशांवरचे त्यांचे काम 1839 मध्ये थोडक्यात आणि 1841 मध्ये चित्रांसह लंडनच्या प्राणिशास्त्र संस्थेच्या नियतकालिकांत आले.

या कामाचे वेगळेपण नावांत आहे. त्या काळचे युरोपीय अभ्यासक नव्या जातीला लॅटिन विशेषण किंवा एखाद्या मित्राचे नाव देत. साइक्स यांनीही काही ठिकाणी तसे केले. पण बऱ्याच माशांना त्यांनी नदीकाठी ऐकलेलेच नाव दिले. शिंगटी, बोगट, कोळस, नुकटा, खुद्री, मसुळा हे शब्द इंग्रजी वळणाने का होईना, पण जगभरच्या शास्त्रीय नामावलीत कायमचे बसले. यांतला बोगट तापीच्या खोऱ्यातही सापडतो.

खुद्री आणि मसुळा यांच्यापाशी मात्र गाडी अडली. पुण्याच्या पूर्वेला मुळा-मुठेत मिळालेल्या माशाला साइक्स यांनी खुद्री म्हटले, तर शिरूरजवळ घोड नदीत मिळालेल्या दुसऱ्या मोठ्या माशाला मसुळा. दोन्ही त्यांनी एकाच प्रजातीत घातले. वर्णन आणि चित्र मागे राहिले, पण मसुळ्याचा मूळ नमुना कुठल्याही संग्रहालयात उरला नाही. नमुना असता तर पुढच्या अभ्यासकाला खवले मोजून शंका फेडता आली असती. त्याअभावी प्रत्येकाला जुन्या मजकुराचा आपापला अर्थ लावावा लागला.

1940 च्या दशकात भारतीय मत्स्यशास्त्राचे धुरंधर सुंदरलाल होरा यांनी मसुळा हा महाशीर असल्याचे मानले. खुद्री महाशीर होताच. त्यामुळे दख्खनच्या नद्यांत दोन महाशीर आहेत असा समज रुजला. पुढे कावेरीतल्या पाठीवर उंचवटा असलेल्या, पन्नास किलोच्याही वर जाणाऱ्या प्रचंड महाशीरालाही हेच मसुळ्याचे नाव चिकटले. घोड नदीतल्या माशाचे नाव शेकडो किलोमीटर दूरच्या नदीतल्या वेगळ्याच माशाला मिळाले.

अशी चूक होण्याचे कारण माशाच्या शरीरात आहे. रंग पाण्यावर, ऋतूवर आणि खाण्यावर बदलतो. पाठीचा उंचवटा वयाबरोबर वाढतो. महाशीराचे जाड ओठदेखील एकाच जातीत कमी-जास्त असू शकतात. त्यामानाने स्थिर असतात त्या मोजता येणाऱ्या खुणा. माशाच्या कुशीवरून डोक्यापासून शेपटीपर्यंत बारीक छिद्रांची एक रेघ जाते. महाशीराचे खवले मोठे असल्यामुळे या रेघेवर ते साधारण पंचवीसच भरतात. मसुळ्याचे खवले त्याहून लहान, म्हणून संख्येने जास्त. अमेरिकेच्या पश्चिम किनाऱ्यावरच्या नद्यांत स्टीलहेड आणि सॅमन ओळखण्याचा मार्गही हाच आहे. शेपटीच्या अलीकडे पोटाखाली जो पर असतो, त्यातले काटे स्टीलहेडला बारापर्यंत, तर सॅमनला तेरा किंवा अधिक. शिवाय स्टीलहेडचे तोंड आतून पांढरे असते, तर चिनूक सॅमनच्या हिरड्या काळ्या. तिथे अनेक नद्यांत रानटी स्टीलहेड धरल्यास तो परत सोडावा लागतो, म्हणून गळ टाकणाऱ्याला ही मोजणी यावीच लागते.

दुसरी खूण म्हणजे मासा कुठल्या खोऱ्यातला. घोड आणि भीमा पूर्वेला वाहतात आणि कृष्णेतून बंगालच्या उपसागराला मिळतात. खानदेशची तापी पश्चिमेला खंबातच्या आखाताकडे जाते. मधली डोंगररांग माशाला ओलांडता येत नाही. नर्मदा आणि तापीत नोंदला गेलेला टॉर टॉर हा महाशीर खुद्रीचा भाऊबंद आहे, पण खुद्री नाही. त्याचे पहिले वर्णन 1822 मध्ये फ्रान्सिस हॅमिल्टन यांनी उत्तर बंगालच्या महानंदा नदीवरून केले. दिसायला सारखा म्हणून एका खोऱ्यातले नाव दुसऱ्या खोऱ्यातल्या माशाला लावण्यात म्हणूनच धोका असतो.

या धोक्याची किंमत कावेरीतल्या महाशीराने मोजली. 1970 च्या दशकापासून लोणावळ्याजवळ वळवण तलावावर टाटांच्या वीज कंपनीने खुद्रीची कृत्रिम पैदास केली. दख्खनमधून नाहीसा होऊ लागलेला मासा वाचवण्याचा तो मनापासूनचा प्रयत्न होता आणि तो यशस्वीही झाला. तिथली बोटुकली इतर राज्यांना गेली, कावेरीतही सोडली गेली. कावेरीत गळाला लागलेला मासा परत सोडणाऱ्या शौकिनांच्या नोंदी तपासल्या तेव्हा निळसर परांचा खुद्री वाढत गेलेला आणि उंचवट्याचा, नारिंगी शेपटीचा मूळ महाशीर घटत गेलेला दिसला. एकूण महाशीर वाढले म्हणून समाधान होते. त्यातला कोणता वाढला आणि कोणता संपत आला, हे नावाच्या गोंधळात झाकले गेले.

2013 मध्ये अभ्यासकांनी साइक्स यांचे वर्णन पुन्हा तपासले आणि मसुळा महाशीर नसून हिप्सेलोबार्बस या वेगळ्या प्रजातीतला मासा असल्याचे दाखवले. मग कावेरीतल्या महाशीराला नावच उरले नाही. 2018 मध्ये भारतीय आणि ब्रिटिश संशोधकांनी त्याची ओळख पटवली: कावेरीच्या पांबार या उपनदीवरून आधीच वर्णन झालेला टॉर रेमादेवी तो हाच. प्राणिशास्त्रज्ञ रेमा देवी यांच्या सन्मानार्थ हे नाव दिलेले आहे. योग्य नाव मिळाल्यावर त्याच वर्षी तो जागतिक लाल यादीत अतिसंकटग्रस्त म्हणून नोंदला गेला. ज्याची स्वतंत्र ओळख नाही, त्या जातीला अशा यादीत जागाच मिळत नाही.

हे सारे साइक्स यांच्या मृत्यूनंतर फार उशिरा घडले. मायदेशी परतल्यावर ते कर्नल म्हणून निवृत्त झाले. 1834 मध्ये स्थापन झालेल्या लंडनच्या सांख्यिकी संस्थेच्या संस्थापकांत ते होते आणि पुढे तिचे अध्यक्षही झाले. 1856 मध्ये ते ईस्ट इंडिया कंपनीचे अध्यक्ष झाले. 1857 मध्ये ॲबर्डीनमधून संसदेवर निवडून आले आणि 16 जून 1872 रोजी लंडनमध्ये निधन होईपर्यंत खासदार राहिले.

नदीकाठच्या माणसाचा शब्द त्यांनी खरा मानला आणि छापला, हे त्यांचे श्रेय. त्या शब्दाबरोबर मासाही जपून ठेवला असता, तर मसुळ्याची ओळख कदाचित खूप आधी पटली असती. तापी, गिरणा, पांझरा किंवा बोरीत अनोळखी मासा जाळ्यात आला, तर आजही तीन नोंदी पुरेशा ठरतात: मासेमाराने सांगितलेले नाव, नदीचे व गावाचे नाव आणि कुशीवरची रेघ व खवले स्पष्ट दिसतील असे एका बाजूने काढलेले छायाचित्र. शेवटची सोय साइक्स यांच्याकडे नव्हती.