संत गाडगेबाबा : श्रोत्यांच्या स्वाधीन केलेले कीर्तन

डेबूजी झिंगराजी जाणोरकर यांचा जन्म २३ फेब्रुवारी १८७६ रोजी अमरावती जिल्ह्यातील शेंडगाव येथे, परीट कुटुंबात झाला. १९०५ साली त्यांनी घर सोडले. हाती खराटा व गाडगे, अंगावर चिंध्यांचे वस्त्र. लोक त्यांना गाडगेबाबा म्हणू लागले.

दिवसा ते गाव झाडीत, रात्री कीर्तन करीत. समोर पोथी नसे, आख्यान ठरलेले नसे. वऱ्हाडीतून प्रश्न विचारावा, आलेल्या उत्तरातून पुढचा प्रश्न उचलावा आणि मध्येच साऱ्यांना भजनात ओढून घ्यावे, ही त्यांची रीत. कर्ज, दारू, पशुबळी व अस्पृश्यता यांचा निवाडा श्रोतेच आपल्या तोंडाने करीत. कीर्तन एकट्या बाबांचे राहत नसे. पाया पडू पाहणाऱ्यास ते पाया पडू देत नसत.

लोकवर्गणीतून धर्मशाळा व वसतिगृहे उभी राहिली. बाबा त्यांचे मालक झाले नाहीत. पंढरपूरची चोखामेळा धर्मशाळा त्यांनी डॉ. बाबासाहेब आंबेडकरांच्या पीपल्स एज्युकेशन सोसायटीस दिली. बाबासाहेबांच्या महापरिनिर्वाणानंतर चौदा दिवसांनी, २० डिसेंबर १९५६ रोजी, त्यांचेही निधन झाले.

त्यांच्या भजनातील देवनाम आम्ही बौद्ध घेत नाही. त्यांची रीत मात्र घेतो. जळगाव जामोदच्या आमच्या मंचावर भीमगीत गाणाऱ्या मुलाने, मागे कोरस धरणाऱ्यांचाही आवाज ऐकू यावा एवढी जागा आपल्या गाण्यात ठेवावी, असे आम्ही सांगत असतो.