पक्ष्यांच्या घरट्यांचा इतिहासकार

सन १८८५ च्या डिसेंबर महिन्यात मुंबई येथील गोकुळदास तेजपाल संस्कृत पाठशाळेत भारतीय राष्ट्रीय सभेचे पहिले अधिवेशन भरले, हे तुम्ही इतिहासाच्या पुस्तकात वाचलेच असेल. ही सभा ज्यांच्या खटपटीने उभी राहिली, त्यांत ॲलन ऑक्टेव्हियन ह्यूम या इंग्रज गृहस्थांचे नाव अग्रभागी येते. त्याच वर्षी आणखी एक गोष्ट घडली. तिचा उल्लेख इतिहासाच्या पुस्तकात सहसा नसतो. सिमल्याच्या एका टेकडीवरून देवदाराच्या लाकडाच्या ४७ प्रचंड पेट्या खाली उतरवण्यात आल्या. प्रत्येक पेटीचे वजन सुमारे अर्धा टन होते. बैलगाड्यांवर लादून त्या काल्क्यापर्यंत आणि तेथून पुढे मुंबई बंदरात नेण्यात आल्या, आणि जहाजाने इंग्लंडला रवाना झाल्या. या पेट्यांत सोनेनाणे नव्हते. त्यांत होते कापूस भरून वाळवलेले पक्षी, त्यांची अंडी आणि त्यांची घरटी. हा ठेवाही ह्यूम यांचाच होता.

ह्यूम यांचा जन्म ४ जून १८२९ रोजी इंग्लंडमध्ये झाला. त्यांचे वडील जोसेफ ह्यूम हे तेथील पार्लमेंटचे सभासद असून गोरगरिबांची बाजू निर्भयपणे मांडण्याबद्दल त्यांची ख्याती होती. वडिलांचा हा बाणेदारपणा मुलातही उतरला. कंपनी सरकारच्या नोकरीसाठी लागणारे शिक्षण पुरे करून ह्यूम वयाच्या विसाव्या वर्षी, म्हणजे १८४९ साली, हिंदुस्थानात आले. लवकरच त्यांची नेमणूक उत्तरेकडील इटावा जिल्ह्यात झाली. तेथे त्यांनी गावोगाव मोफत शाळा काढण्याचा उद्योग आरंभिला. १८५७ पर्यंत त्या जिल्ह्यात १८१ शाळा चालू झाल्या व त्यांत पाच हजारांवर मुले शिकू लागली. त्यांत मुली मात्र अवघ्या दोन होत्या! आज तुमच्या वर्गाकडे पाहिले, म्हणजे किती मोठे अंतर आपण तोडले आहे, हे ध्यानात येईल.

पक्ष्यांचा नाद त्यांना याच काळात लागला. सरकारी कामासाठी घोड्यावरून रपेट करावी आणि वाटेत दिसेल त्या पक्ष्याची नोंद करावी, असा त्यांचा क्रम असे. अशा रीतीने जमवलेला पहिला संग्रह १८५७ च्या उठावाच्या धामधुमीत नष्ट झाला. ह्यूम त्या वेळी अर्थातच इंग्रज सरकारच्या बाजूने लढले. त्यांस काही महिने आग्र्याच्या किल्ल्यात आश्रय घ्यावा लागला. पण उठाव शमल्यावर सूडबुद्धीने वागणाऱ्या अनेक अधिकाऱ्यांप्रमाणे ते वागले नाहीत. लोक का पेटून उठले याचा दोष त्यांनी बराचसा सरकारच्याच पदरात घातला. संग्रह गेल्याचे दुःखही त्यांनी फार काळ उराशी धरले नाही. त्यांनी पुन्हा पहिल्यापासून आरंभ केला.

पुढे १८६७ साली ते जकात खात्याचे आयुक्त झाले. मिठावरची जकात कोणी चुकवू नये म्हणून सरकारने त्या काळी उत्तर हिंदुस्थानात शेकडो कोस लांबीचे काटेरी झाडांचे कुंपण वाढवले होते. गरिबांच्या मिठावर कर बसवणाऱ्या त्या कुंपणाची देखरेख या दयाळू गृहस्थांकडे असावी, हा दैवाचा मोठा विचित्र खेळ म्हणावयाचा! तथापि या नोकरीमुळे त्यांचा प्रवास वाढला आणि प्रवासाबरोबर पक्षिसंग्रहही वाढला. १८७१ मध्ये ते हिंदुस्थान सरकारच्या महसूल, शेतकी व व्यापार खात्याचे चिटणीस झाले. सिमल्यास जाखू टेकडीवर ‘रॉथनी कॅसल’ नावाचा वाडा त्यांनी घेतला आणि त्यात आपले पक्षिसंग्रहालय मांडले.

आता ह्यूम यांच्या कामाची रीत पाहू. हिंदुस्थान हा खंडप्राय देश. एकट्या माणसाने किती जंगले पालथी घालावीत? म्हणून त्यांनी देशभरच्या पक्षिप्रेमी मंडळींशी पत्रव्यवहार सुरू केला. कोणी वनाधिकारी, कोणी लष्करातला, कोणी डॉक्टर, कोणी रेल्वेतला. त्या सर्वांनी आपापल्या प्रांतातील पक्ष्यांविषयी ह्यूम यांना लिहून कळवावे. घरटे कोणत्या महिन्यात आढळले, कोणत्या झाडावर वा जमिनीवर, किती उंचीवर, कशाकशाचे बांधलेले होते, अंडी किती, त्यांचा आकार व रंग कसा, असे बारीकसारीक तपशील त्यांस हवे असत. ही पत्रे आणि लेख छापण्यासाठी त्यांनी ‘स्ट्रे फेदर्स’, म्हणजे ‘विखुरलेली पिसे’, या नावाचे नियतकालिक काढले. आपल्या दक्षिण कोकणातील पक्ष्यांची पहिली यादी याच नियतकालिकात १८८० साली प्रसिद्ध झाली. ती व्हिडल या मुलकी अधिकाऱ्यांनी तयार केली होती. वेंगुर्ले त्या वेळी रत्नागिरी जिल्ह्यात मोडत असे.

पक्षी घरटे कसे बांधतो, यात एवढे अभ्यासण्यासारखे काय आहे, असा प्रश्न तुमच्या मनात येईल. आपल्याच परिसरात थोडे डोळे उघडून हिंडा. सुगरणीचा नर गवताच्या आणि माडाच्या पातीच्या धांदोट्या काढून विहिरीवर लोंबणारा खोपा विणतो. शिंपी पक्षी पानाच्या कडा टोचून शिवतो. धनेशाची मादी झाडाच्या ढोलीत शिरून आतून दार लिंपून घेते; एक बारीक फट तेवढी उघडी ठेवते, आणि त्या फटीतून नर तिला आठवडेच्या आठवडे फळे भरवतो. खंड्या व वेडा राघू हे तर चक्क बिळे खणतात. ओढ्याच्या काठची दरड चोचीने उकरायची, माती पायांनी मागे उडवायची, आणि आडव्या बोगद्याच्या शेवटी जरा रुंद खोली करून तीत अंडी घालायची, असा त्यांचा शिरस्ता. टिटवी मात्र काहीच बांधत नाही; माळावरच्या खड्यांतच ती अंडी घालते.

आता हे सर्व तपशील एकापुढे एक मांडले की त्यांतून काही तत्त्व हाती लागते. बिळातील वा ढोलीतील अंडी बहुधा पांढरी असतात. कारण अंधारात ती लपवण्याची गरज नसते. टिटवीच्या उघड्यावरच्या अंड्यांवर मात्र मातीच्या रंगाचे ठिपके असतात. ती पायाशी असली तरी दिसत नाहीत. एका घरट्याकडे पाहून हे उमगत नाही. त्यासाठी शेकडो घरट्यांच्या नोंदी लागतात. त्या नोंदी ह्यूम गोळा करीत होते. १८७३ पासून त्यांनी ‘हिंदुस्थानातील पक्ष्यांची घरटी व अंडी’ या विषयावरील आपल्या इंग्रजी ग्रंथाचा कच्चा खर्डा छापण्यास आरंभ केला. खर्डा असे त्यांनी मुद्दाम म्हटले, कारण पक्का ग्रंथ पुढे लिहावयाचा होता.

१८७५ साली ह्यूम पश्चिम किनाऱ्याने लक्षद्वीप बेटांकडे गेले. दीपगृहांसाठी योग्य जागा पाहणे हे सरकारी निमित्त होते; मन अर्थात पक्ष्यांकडे होते. या सागरप्रवासाचा दीर्घ वृत्तान्त त्यांनी पुढच्या वर्षी प्रसिद्ध केला व त्यात वेंगुर्ल्याच्या समुद्रातील खडकांचीही दखल घेतली. वेंगुर्ले बंदराच्या वायव्येस, निवतीच्या समोर, भर समुद्रात हा लहानमोठ्या खडकांचा पुंजका आहे. किनाऱ्यावरून तो निळसर ठिपक्यांसारखा दिसतो. नौका हाकणाऱ्यांना त्याचे भय वाटे, म्हणून तेथे दीपगृह बांधलेले आहे.

यांपैकी एका बेटावर एक अंधारी गुहा आहे आणि तीत एका जातीच्या पाकोळ्या घरटी करतात. (वटवाघळालाही कोठे कोठे पाकोळी म्हणतात; ती पाकोळी निराळी.) ही पाकोळी चिमणीहून लहान, उदी रंगाची. तिचे पाय इतके आखूड की तिला फांदीवर बसता येत नाही. खडकाला नखांनी बिलगून ती राहते. दिवसभर हवेत उडत किडे टिपते. खडकाळ बेटावर काटक्या कोठल्या आणि चिखल कोठला? म्हणून ती आपली लाळच घरटे बांधण्यास वापरते. विणीच्या हंगामात तिच्या तोंडातील लाळेच्या ग्रंथी फुगतात. ती चिकट लाळ ती कातळाच्या भिंतीवर थराथराने लावते, वाळू देते, त्यात पिसे व शेवाळ मिसळते, आणि अर्ध्या वाटीएवढे घरटे तयार होते. त्यात दोन पांढरी अंडी असतात. गुहेतील काळोखात ती धडकत कशी नाही? उडताना ती टिकटिक असा आवाज काढते, आणि भिंतीवरून परतणाऱ्या प्रतिध्वनीवरून वाट ओळखते.

लाळेच्या घरट्यांचे सार चीन देशात फार मोलाचे पक्वान्न मानतात. त्यामुळे वेंगुर्ल्याच्या खडकांवरील ही इवलीशी घरटी चोरून नेण्याचा धंदा पुष्कळ वर्षे चालला. घरटे काढून नेले की पाकोळी बिचारी पुन्हा लाळ गाळून दुसरे बांधू पाहते. पिलांचा मात्र नाश होतो. या शतकाच्या आरंभी चिपळूणच्या ‘सह्याद्री निसर्ग मित्र’ या संस्थेने वनखात्याच्या साह्याने हा प्रकार उघडकीस आणला आणि बेटावर पहारा ठेवण्याचे काम हाती घेतले.

आपण ह्यूम यांच्याकडे परत येऊ. ते स्पष्टवक्ते होते. शेतकऱ्याच्या हिताकडे सरकार दुर्लक्ष करते, हे वरिष्ठांना तोंडावर सांगण्यास ते कचरले नाहीत. परिणामी १८७९ साली त्यांचे मोठे पद काढून घेण्यात आले. तीन वर्षांनी त्यांनी नोकरी सोडली. आता उरलेले आयुष्य सिमल्यात बसून तो पक्का ग्रंथ लिहावयाचा, असा त्यांचा बेत असावा, आणि साहित्याची वाण नव्हती. सुमारे ७०० जातींच्या पक्ष्यांची कमीअधिक पूर्ण अशी जीवनचरित्रे लिहून तयार होती.

एकदा ह्यूम सिमल्याबाहेर गेले असता त्यांच्याच एका नोकराने संग्रहालय फोडले आणि तेथील कागदांचे गठ्ठेच्या गठ्ठे रद्दीच्या भावाने विकून टाकले! चिटोऱ्यांवरच्या बारीक नोंदींना त्याने हात लावला नाही, कारण चिटोऱ्यांना रद्दीत भाव नाही. मोठ्या तावांवर सुवाच्य अक्षरात लिहिलेले सर्व लेख मात्र गेले. चोरी लक्षात येईपर्यंत कित्येक महिने उलटले होते. तोवर त्या तावांच्या बहुधा पुड्या बांधून झाल्या असतील. शोधाशोध केली; फारच थोडे हाती लागले. पंचवीस वर्षांचे श्रम चार पैशांना गेले. त्यातच सिमल्याच्या अतिवृष्टीने दरड कोसळून संग्रहालयाचीही हानी झाली.

१८५७ साली संग्रह गेला तेव्हा ह्यूम तरुण होते. आता पन्नाशी उलटली होती. शिवाय त्यांचे मनही पालटले होते. त्या काळी पक्ष्याचा अभ्यास म्हणजे प्रथम त्याला बंदुकीने टिपणे, अशीच रीत होती. आजच्यासारखे कॅमेरे नव्हते. ह्यूम पुढे शाकाहारी झाले आणि पक्षी मारणे त्यांना नकोसे झाले. त्यांनी सारा संग्रह लंडनच्या ब्रिटिश म्यूझियमला देऊन टाकला. तेथून शार्प नावाचे पक्षितज्ज्ञ मुद्दाम सिमल्यास आले, आणि त्यांच्या देखरेखीखाली त्या ४७ पेट्या भरल्या गेल्या. एकंदर नमुने सुमारे ८२,००० होते.

उरलेल्या नोंदीही ह्यूम यांनी अडवून ठेवल्या नाहीत. त्या त्यांनी युजीन ओट्स या आपल्या मित्राच्या स्वाधीन केल्या, आणि ओट्स यांनी त्यांवरून घरट्यांच्या ग्रंथाची नवी आवृत्ती १८८९-९० मध्ये तीन भागांत संपादित केली. चोराने टाकून दिलेले चिटोरे असे कामी आले.

स्वतः ह्यूम यांनी मात्र आपली सारी शक्ती दुसरीकडे वळवली. १८८३ मध्येच त्यांनी कलकत्ता विद्यापीठाच्या पदवीधरांना पत्र लिहून देशकार्यासाठी एकत्र येण्याचे आवाहन केले होते. राष्ट्रीय सभेचे पहिले अधिवेशन खरे म्हणजे पुण्यास व्हावयाचे होते. पण तेथे पटकीची साथ आली, म्हणून ते मुंबईस हलवावे लागले. २८ डिसेंबर १८८५ रोजी ७२ प्रतिनिधी जमले. देशभर पत्रे धाडून अनोळखी माणसांना एका कामाला जुंपण्याची हातोटी ह्यूम यांना पक्ष्यांच्या अभ्यासात साधली होती. तीच येथे उपयोगी पडली असावी, असे मला वाटते. पुढे अनेक वर्षे ते सभेचे चिटणीस होते.

१८९४ मध्ये ते इंग्लंडला परतले. म्हातारपणी त्यांना वनस्पतींचा छंद जडला. सामान्य लोकांना वनस्पतिशास्त्र शिकता यावे म्हणून त्यांनी १९१० साली दक्षिण लंडनमध्ये एक संस्था स्थापन केली. ती अद्याप चालू आहे. ३१ जुलै १९१२ रोजी वयाच्या ८३ व्या वर्षी त्यांचे निधन झाले. सिमल्याहून गेलेले ते पक्षी आणि ती अंडी आज इंग्लंडमधील ट्रिंग या गावच्या संग्रहालयात जपून ठेवलेली आहेत. हिंदुस्थानातील पक्ष्यांविषयी शंका निघाली, म्हणजे अभ्यासक तेथे जाऊन ह्यूम यांच्या चिठ्ठ्या लावलेले ते खण अजूनही उघडतात.