चार्ल्स बॅबेज आणि त्यांचे अर्धे राहिलेले यंत्र

चार्ल्स बॅबेज यांचा जन्म २६ डिसेंबर १७९१ रोजी लंडन शहरी झाला. त्यांचे वडील बँकेचा धंदा करत. घरी पैसा होता. चार्ल्सना गणिताची भारी गोडी. पुढे ते केंब्रिजला शिकले.

त्या काळी कॅल्क्युलेटर नव्हता. जहाजावरचे लोक तारे बघायचे आणि छापील कोष्टके बघून वाट काढायचे. ही कोष्टके माणसे हाताने हिशेब करून बनवायची. छापताना आणखी चुका व्हायच्या. आपला पाढा चुकला तर पुन्हा म्हणता येतो, पण समुद्रात आकडा चुकला तर जहाज खडकावर जायचे. १८२१ साली बॅबेज आणि त्यांचे मित्र जॉन हर्शेल अशी कोष्टके तपासत होते. चुकाच चुका निघाल्या. तेव्हा बॅबेज यांना वाटले, हे काम वाफेच्या यंत्राने केले तर किती बरे होईल.

त्यांनी दातेरी चाकांचे यंत्र योजले. ते नुसती बेरीज करते. गुरुजींनी फळ्यावर दाखवले ते तुम्हीपण करून बघा. १, ४, ९, १६, २५ असे आकडे मांडा. शेजारच्या आकड्यांतला फरक ३, ५, ७, ९ येतो. तो दर वेळी २ ने वाढतो. म्हणून पुढचा फरक ११, आणि २५ मध्ये ११ मिळवले की ३६. गुणाकार करावाच लागला नाही! या यंत्राचे नाव डिफरन्स इंजिन.

१८२३ साली इंग्लंडच्या सरकारने त्यासाठी १,५०० पौंड दिले. जोसेफ क्लेमेंट नावाचा हुशार कारागीर कामाला लागला. पण यंत्राला सुमारे २५,००० भाग लागणार होते. ते बनवायला आधी नवी हत्यारे बनवावी लागली. पैसे संपले की बॅबेज स्वतःचे घालायचे, मग पुन्हा सरकारकडे मागायचे. १८२७ साली त्यांचे वडील आणि बायको वारले, मुलगाही गेला. हे मी आईला वाचून दाखवले तर ती गप्पच झाली.

१८३२ साली यंत्राचा एक तुकडा जुळला आणि बरोबर चालला. पण १८३३ मध्ये क्लेमेंटशी पैशावरून भांडण झाले आणि काम थांबले. पुढच्या वर्षी बॅबेज यांना दुसरेच यंत्र सुचले. त्याला भोके पाडलेली पुठ्ठी लावायची, म्हणजे ते सांगू ते गणित करणार. त्यात आकड्यांचे कोठार होते आणि गिरणीसुद्धा होती. ही नावे त्यांनीच दिली. आताच्या कॉम्प्युटरमध्येही साठवायचा भाग वेगळा आणि हिशेबाचा वेगळा असतो.

सरकारचे तोवर १७,००० पौंडांवर गेले होते. तेव्हा आगगाडीचे एक इंजिन सुमारे ८०० पौंडांना मिळे. म्हणजे २१ इंजिने आली असती. भागाकार मी स्वतः केला. आणि जुने यंत्र पुरे नसताना हे नव्याचे बोलू लागले. १८४२ साली पंतप्रधान रॉबर्ट पील यांच्या सरकारने पैसे बंद केले.

आमच्या घरी असेच झाले. गवंड्याने आबांकडून पैसे उचलले, पडवीची भिंत अर्धी केली, आणि पत्र्याऐवजी स्लॅब घाला म्हणू लागला. आबा लई चिडले. तसे सरकारही चिडले असेल. पण मला बॅबेज यांचेही पटते. जुने यंत्र एकाच तऱ्हेचे काम करणार होते, नवे कुठलेही करणार होते. सरकारने आधी जुने पुरे करून घ्यायला हवे होते, मग नव्याला थोडे थोडे द्यायचे. एकदम बंद करायला नको होते.

स्वीडनमध्ये शॉइट्झ नावाच्या बापलेकांनी बॅबेज यांच्या यंत्राबद्दल वाचून आपले यंत्र बनवले. त्यांना त्यांच्या सरकारने मदत केली. १८५३ साली ते पुरे झाले. बॅबेज यांनी त्यांचे कौतुकच केले. मला तर राग आला असता.

१८ ऑक्टोबर १८७१ रोजी बॅबेज लंडनमध्ये वारले. त्यांनी डिफरन्स इंजिनाचे दुसरे, सोपे नकाशे काढून ठेवले होते. त्यावरून लंडनच्या विज्ञान संग्रहालयाने १९९१ साली यंत्र उभे केले, आणि ते बरोबर चालले. छापायचा भाग २००२ साली झाला. दांडा फिरवला की चाके फिरतात आणि उत्तर येते. वजन सुमारे ५ टन आहे. आमच्या बैलगाडीत काही ते मावणार नाही.

– इयत्ता चौथी