डेनिस रिची: सी भाषेचे जनक आणि माझी अर्धवट फाईल

कॉलेजात असताना मी सी भाषेत एक छोटा प्रोग्राम लिहिला होता. हजारभर कॉन्टॅक्ट्स एक्सएमएल फाईलमध्ये साठवायचे, बस्स. प्रोग्राम मधेच क्रॅश झाला. फाईल उघडून बघतो तर शेवटचं नाव अर्धंच, आणि साइज बरोबर ८१९२ बाइट. स्क्रीनवर तर त्याच्या पुढचीही नावं छापलेली होती! मग ती गेली कुठे?

उत्तर शोधता शोधता मी डेनिस रिची यांच्यापर्यंत पोहोचलो.

त्यांचा जन्म ९ सप्टेंबर १९४१ चा, न्यूयॉर्क राज्यातल्या ब्रॉन्क्सव्हिलचा. हार्वर्डमधून भौतिकशास्त्राची पदवी घेतली. १९६७ मध्ये बेल लॅब्जमध्ये रुजू झाले. १९६८ मध्ये पीएचडीचा प्रबंध लिहून तयार होता, पण त्याची बाइंडिंग केलेली प्रत जमाच केली नाही. डॉक्टरेट राहिली ती राहिलीच! पुढे केन थॉम्प्सन यांच्यासोबत त्यांनी युनिक्स उभं केलं आणि १९७२ च्या सुमारास सी भाषा घडवली.

माझी गडबड सीच्या स्टँडर्ड लायब्ररीत होती. तिचं एफप्रिंटएफ फंक्शन मजकूर लगेच फाईलमध्ये टाकत नाही. आधी मेमरीतल्या बफरमध्ये जमा करतं, तो भरला की एकदम पाठवतं. कारण सोपं आहे: किराण्याच्या प्रत्येक वस्तूसाठी आपण वेगळी फेरी मारतो का? स्क्रीनवर मात्र ओळ संपली की मजकूर जातो, म्हणून तिथे नावं दिसली. क्रॅश झाल्यावर बफरमधली नावं मेमरीसोबतच गेली.

सेटव्हीबफने बफर बंद करता येतो, पण वेग मार खातो. त्यापेक्षा प्रत्येक कॉन्टॅक्ट पूर्ण झाला की एफफ्लश करा. तरी शेवटचा टॅग नसेल तर पार्सर फाईल नाकारणारच. म्हणून आधी तात्पुरत्या फाईलमध्ये लिहा, एफक्लोज नीट झालं की मगच तिला खरं नाव द्या.

रिची यांना १९८३ चा ट्युरिंग पुरस्कार मिळाला. ऑक्टोबर २०११ मध्ये, स्टीव्ह जॉब्स यांच्यानंतर आठवड्याभरात, ते गेल्याची बातमी आली. जगात फारसा गाजावाजा झाला नाही. पण तुमच्या अँड्रॉइडमधला लिनक्स कर्नल आजही मुख्यतः सी मध्येच आहे. डॉक्टरेट अपुरी राहिली, काम मात्र आपल्या खिशात पोहोचलं.